चाकांवरची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. भिंत म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे विटा आणि सिमेंट आलं असेल, तर ते पुसून टाका. मी लाकडाची आहे. सागवानाच्या सहा उंच झडपा बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडल्या, कडेला लोखंडी चौकट उभी केली, खाली चाकं बसवली आणि मी झाले. ओढलं की मी सरकते, दुमडलं की कोपऱ्यात गुमान उभी राहते. आता सहांपैकी चारच झडपा उरल्या आहेत आणि त्यातल्या एकीवर जळाल्याचा मोठा खडबडीत डाग आहे. शाळेतली मुलं त्या डागावर बोटं फिरवतात. काय झालं होतं, असं एखाद्यानं विचारलं की मोठी माणसं त्याला पाणी प्यायला पाठवतात. भिंतीला कान असतात असं लोक म्हणतात. तोंड असतं तर त्यांची पंचाईत झाली असती, म्हणून मीच एकदा सगळं सांगून टाकते.

माझा जन्म काही लाडाकोडात झाला नाही. सेनगावच्या आरा मशीनवर मला उभं चिरलं. मग जळबा सुतारानं रंध्यानं माझी साल काढली, पटाशीनं खाचा पाडल्या आणि हातोड्यानं एकेक खिळा असा ठोकला की आजही आठवलं की अंगात कळ येते. जळबा कामाचा पक्का होता, पण मायेचा नव्हता. लाकडाला आधी मार खावा लागतो, मग ते कामाला येतं, असं तो म्हणायचा. त्या वेळी मला ते खरं वाटलं. पुढं इतका मार खाल्ला, की आता मी त्याच्याशी भांडले असते.

मी जिथं उभी आहे त्या माळाला बरड म्हणतात. बरडाच्या एका अंगाला बरडवाडी, तिथं मेंढरं राखणारी धनगर माणसं. दुसऱ्या अंगाला पळसतांडा. तिथल्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरायचे, आता शेती करतात. एकोणीसशे शहाण्णव साली दोन्हींना मिळून एक शाळा मंजूर झाली, आणि तिथंच माशी शिंकली. वाडीला आपली वेगळी शाळा हवी होती, तांड्याला आपली. वाडीचा कारभारी रामकिशन म्हणायचा, तांड्याच्या पोरांत आमची पोरं बसली तर मराठी विसरतील. तांड्याचा नाईक रूपसिंग म्हणायचा, वाडीच्या गुरुजीनं आमची पोरं मागच्या कोपऱ्यात बसवली तर आम्ही काय करायचं. शाळा मात्र एकच मिळणार होती.

तिचा नकाशा काढायला एक इंजिनिअर बाई जीपमधून आल्या. वयानं लहान, पण डोक्यानं मोठ्या. त्यांनी लिंबाच्या झाडाखाली दोन्हीकडची माणसं बसवली आणि काठीनं मातीत शाळा काढली. खोल्यांची रांग त्यांना नकोच होती. एकच मोठं दालन, बाहेर ऐसपैस ओसरी, लिंबाभोवती पायऱ्या, म्हणजे पोरांना झाडाखालीही शिकता येईल. भिंतींवरचे काळे फळे थेट जमिनीपर्यंत, पहिलीतल्या पोरालाही हात पोचेल असे. मागच्या बाजूला सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर. उन्हाळ्यात पत्रे तापतात म्हणून पत्र्याखाली बांबूच्या चटया. आणि दालनाच्या मधोमध मी, दोन्ही अंगांनी काळा रंग दिलेली. पाढे म्हणायचे असतील तर भिंत लावा, गोष्ट ऐकायची असेल तर दुमडा, गावची बैठक असेल तर सगळंच उघडं करा, असं बाईंनी समजावलं. जागा माणसांच्या सोयीनं लहानमोठी व्हावी, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता गंमत बघा. रामकिशननं त्यातलं ‘लावा’ एवढंच ऐकलं आणि रूपसिंगनं ‘उघडा’ एवढंच. दोघांना वाटलं बाई आपल्याच बाजूनं बोलल्या. दोघांनी एकाच वेळी हात वर केले आणि बाई खूश होऊन पेढे वाटून गेल्या. ज्या गोष्टीवर सगळे इतक्या पटकन एक होतात, ती कुणाला नीट समजलेली नसते, हे मला आज कळतं.

फक्त दारावरून वाद झाला. नकाशात लिंबाकडे तोंड करून एकच मोठं दार होतं. वाडीनं म्हटलं, आमचं दार आमच्या अंगाला पाहिजे. तांड्यानंही तेच म्हटलं. बाईंनी बरंच समजावलं, पण शेवटी त्या थकल्या. मोठं दार गेलं आणि दोन टोकांना दोन लहान दारं आली. खिडक्यांना लोखंडी गज बसले. बाईंनी तेवढं ऐकायला नको होतं.

पहिली तीनेक वर्षं माझी फार चैन होती. अमृतराव गुरुजी हट्टा गावाहून इथं बदलून आले आणि शाळेजवळच राहिले. धोतर नेसणारे, आवाजानं दांडगे आणि मनानं मऊ. रोज सकाळी ते मला हात लावायचे, मी खडखडत कोपऱ्यात जायची आणि दालन सताड उघडं व्हायचं. तांड्याची पोरं वाडीच्या पोरांना आपल्या गोरमाटी बोलीतलं गाणं शिकवायची, वाडीची पोरं त्यांना मेंढराला हाळी घालायला शिकवायची. गणित मात्र कुणालाच येत नव्हतं, त्यामुळं भेदभाव नव्हता. गाड्या घेऊन साहेब लोक मला पाहायला यायचे, मला ओढायचे, सोडायचे आणि माझ्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. मी फुगले होते, खोटं कशाला सांगू?

पण माझा खरा सोबती साहेबांत नव्हता. रामकिशनचा धाकटा भाऊ शिवहार मेंढरं घेऊन बरडावर यायचा. तो कधी शाळेत गेला नव्हता. मेंढरं चरायला सोडून तो लिंबाखालच्या पायरीवर बसायचा आणि गुरुजींची गोष्ट ऐकायचा. माझी चाकं कुरकुरतात हे त्याच्याच ध्यानात आलं. मग तो एरंडेलाची बाटली घेऊन यायचा, माझ्या पायाशी पालथा पडायचा, चाकांत अडकलेले खडे काडीनं काढायचा आणि तेल घालायचा. बाटली ठेवायला त्यानं माझ्या शेजारच्या भिंतीतला कोनाडा धरला होता. त्याच्या हातानं मी लोण्यात सुरी फिरावी तशी चालायची.

दरम्यान आमचा जिल्हा बदलला, परभणीचा हिंगोली झाला. रंगाऱ्यानं शाळेच्या पाटीवरचं नाव खोडून नवं लिहिलं. माणसांच्या मनातलं असं खोडता येत नाही, हे पुढच्याच उन्हाळ्यात दिसलं.

चैत्राचे दिवस होते. रूपसिंगनं विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी भुईमूग केला होता. आजूबाजूला सगळं वाळून गेलेलं आणि मधे तेवढा एक हिरवा तुकडा. शिवहारची मेंढरं त्यात घुसली. शिवहार तेव्हा एक लंगडं कोकरू उचलून आणायला ओढ्यात उतरला होता. तो वर येईपर्यंत तांड्याची माणसं मेंढरं हाकून घेऊन गेली होती. जनावर पिकात शिरलं की ते कोंडायचं आणि धन्यानं येऊन नुकसान भरून ते सोडवून न्यायचं, ही रीत सगळीकडे आहे. त्यात वावगं काही नव्हतं. पण कोंडवाडा होता दूरच्या मोठ्या गावात. रविवार होता, शाळेला सुट्टी होती, आणि तांड्याकडच्या दाराची किल्ली नाईक म्हणून रूपसिंगकडे असायची. त्यानं मेंढरं शाळेत घातली.

आधी ती अख्ख्या दालनात मोकळी फिरत होती. तेवढ्यावर थांबले असते तर आज मी ही गोष्ट सांगत नसते. पण ती इकडंतिकडं पळतात म्हणून माणसं वैतागली. रूपसिंग बैलांच्या कुळातला माणूस. त्याला बैल कळायचा, मेंढरू कळत नव्हतं.

‘‘बैल दाटून कोंडला का गपगार उभा राहतो,’’ तो म्हणाला. ‘‘भिंत वढा. पळायला जागाच ठेवू नका.’’

त्यांनी मला ओढलं. मी जमिनीतल्या लोखंडी पट्टीवरून सरकले आणि अर्धं दालन बंद झालं. मग बाकं आडवी लावून उरलेल्या अर्ध्याचंही अर्धं केलं. तांड्याचं एक कुत्रं दारात येऊन भुंकायला लागलं. बैल भ्याला की शिंगं रोखून उभा राहतो. मेंढरू भ्यालं की दुसऱ्याच्या पोटाखाली डोकं घालतं, त्याच्यावर तिसरं चढतं, तिसऱ्यावर चौथं. धनगराच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. ती सगळी माझ्या अंगाशी आली. त्यांची लोकर, त्यांचा गरम श्वास, खुरांच्या लाथा, सगळं मी सोसत होते. खालच्यांचं ओरडणं आधी बारीक झालं आणि मग बंद पडलं. बाहेर माणसं बिड्या ओढत बसली होती. मेंढरं शांत झाली म्हणून त्यांना बरंच वाटलं.

रामकिशन आणि शिवहार वाडीकडच्या दारानं आत आले. खालून येणारी घरघर रामकिशनला लगेच कळली. त्यानं मला ढकललं, ओढलं, पण पलीकडून एवढं ओझं रेललं होतं की माझी चाकं जागची हलेनात. मग त्यानं खांद्यावरची कुऱ्हाड काढली आणि माझ्या तिसऱ्या झडपेवर घातली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं म्हणतात ना? तो दांडाही लाकडाचाच होता. दुसऱ्या घावात फळी फुटली आणि तळहाताएवढं भोक पडलं. रामकिशननं त्यातून पाहिलं. त्यानं काय पाहिलं ते मला माहीत होतं, ते माझ्या पाठीला टेकलेलं होतं.

तो फिरून तांड्याच्या दारानं आत गेला तेव्हा रूपसिंग बाकं बाजूला करत होता. आता त्यालाही कळलं होतं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पण पांढऱ्या चेहऱ्याकडं कोण बघतंय? रामकिशननं कुऱ्हाड उचलली. तांड्याचे दोघे काठ्या घेऊन धावले, वाडीचे मागून आले, आणि ज्या जमिनीवर पोरं बाराखडी म्हणायची तिथं मेलेल्या मेंढरांत पाय अडखळत माणसं एकमेकांची डोकी फोडायला लागली. एकाचा दात उडून माझ्या चाकात पडला. कुणाचं तरी बोट तुटलं. बाकांचे पाय काढून त्यांनी एकमेकांना हाणलं. मी मधे उभी होते, दोन्हीकडून धडका खात.

शिवहारच्या काखेत अजून ते कोकरू होतं. त्यानं ते खाली ठेवलं आणि तो भावाच्या आणि रूपसिंगच्या मधे शिरला.

‘‘दादा, कुऱ्हाड खाली ठेव,’’ तो म्हणाला. ‘‘मेलेली मेली. जिती आहेत ती भाईर काढू.’’

रूपसिंगला कुऱ्हाड तेवढी दिसत होती. ती आपल्यावर येते आहे असं वाटून त्यानं पुढ्यात जो होता त्याला दोन्ही हातांनी जोरात ढकललं. शिवहार मागं फेकला गेला. त्याचं डोकं माझ्या लोखंडी चौकटीच्या कोपऱ्यावर आपटलं. आवाज फार मोठा झाला नाही. तो माझ्या पायाशी घसरत खाली आला, जिथं तो तेल घालायला पालथा पडायचा, अगदी तिथंच. त्याचं रक्त चाकांत गेलं. त्यानंतर बराच वेळ कुणी कुणाला मारलं नाही.

पोलीस आले. रूपसिंगला नेलं, कोर्टात खटला उभा राहिला, वाडीनं साक्षी दिल्या आणि त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. रामकिशननं भावाची राख ओढ्यात सोडली आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. येताना लांब खिळ्यांची पुडी घेऊन आला. त्यानं मला पूर्ण ओढून लावलं आणि वर, खाली, मधे, सगळीकडं खिळे ठोकले. ठोकताना तो रडत होता आणि खिळा वाकला तर नवा घेत होता. अमृतराव गुरुजी दारात उभे होते. त्यांनी त्याला थांबवलं नाही.

अशी मी साधी भिंत झाले. वाडीची पोरं वाडीच्या दारानं येऊन वाडीच्या अर्ध्यात बसू लागली, तांड्याची तांड्याच्या. गुरुजी तर एकटेच. एका अर्ध्यात पाढा द्यायचा, की बाहेर पडून ओसरीवरून फिरून दुसऱ्या अर्ध्यात जायचं, तिथं शुद्धलेखन घालायचं, की परत फिरायचं. देवळाला कुणी घातल्या नसतील इतक्या प्रदक्षिणा त्यांनी त्या शाळेला घातल्या. साहेब लोक फोटो काढायला यायचे बंद झाले. इंजिनिअर बाई पुन्हा आल्या नाहीत ते बरंच झालं, मला पाहून त्यांना रडू आलं असतं. एरंडेलाची बाटली कोनाड्यात तशीच राहिली आणि तिच्यावर कोळ्यानं जाळं केलं. माझी चाकं गंजली. ज्याला चालायला केलंय त्याला उभं गाडलं की काय होतं, ते तुम्हाला कसं सांगू? मला माझाच राग यायला लागला.

एक भोक तेवढं राहिलं होतं. रामकिशननं त्यावर पत्र्याचा तुकडा मारला होता, पण पोरांनी त्याचा कोपरा वाकवला. वाडीकडून रागिणी तिथं बसायची, ती रामकिशनची मुलगी. तांड्याकडून पुजा, रूपसिंगची. दोघी त्या मारामारीच्या वेळी अगदी लहान होत्या, मी उघडी असताना त्यांनी मला पाहिलंच नव्हतं. भोकातून त्या खडू द्यायच्या-घ्यायच्या, बोरं द्यायच्या, एकमेकींची बोटं ओढायच्या. बाहेर रस्त्यात समोर आल्या तर आयांच्या धाकानं तोंड फिरवायच्या. माझ्या जखमेतून दोन पोरी मैत्रिणी झाल्या, एवढं एक सुख मला त्या वर्षांत होतं.

पुढं शाळेत खिचडी सुरू झाली. मागं सगळ्यांना मिळून बांधलेलं स्वयंपाकघर होतं, पण चूल कुणी आधी पेटवायची यावरून ठिणगी पडली आणि त्याला कुलूप लागलं. मग वाडीची खिचडी वाडीच्या दारापुढच्या ओसरीवर शिजायची आणि तांड्याची तांड्याच्या. वाडीची खिचडी करायची पंचफुलाबाई, रामकिशनची बायको, शिवहारची वहिनी. ती जळणाला तुरीच्या वाळक्या तुराट्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या आणून दाराशेजारीच रचून ठेवायची. दुसरीकडं ठेवायला जागा तरी कुठं होती?

फाल्गुनातली दुपार होती. वारा सुटला होता. चुलीतला निखारा उडाला आणि तुराट्यांच्या ढिगात पडला. वाळलेली तुराटी कशी पेटते हे आमच्याकडं वेगळं सांगावं लागत नाही. पंचफुलाबाईनं पाण्याची घागर उपडी केली, पण तोवर दाराची चौकट पेटली होती. आत वाडीची पोरं ताटल्या घेऊन बसली होती. पंचफुलाबाई ओसरीवरून लांब पळून जाऊ शकली असती, तिला कुणी अडवलं नव्हतं. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि जाळातून आत उडी घेतली. मागं दार कोसळलं. आता आत पोरं, ती, आणि गजांच्या खिडक्या. जाळ वर चढला आणि पत्र्याखालच्या बांबूच्या चटयांना लागला. इंजिनिअर बाईंनी गारव्यासाठी लावलेल्या त्या चटया पेटून खाली गळायला लागल्या.

अमृतराव गुरुजी त्या वेळी तांड्याच्या अर्ध्यात होते. त्यांनी तिकडची पोरं बाहेर काढली आणि माझ्याकडं धाव घेतली. त्यांनी मला ओढलं, खांद्यानं धडका दिल्या, नखांनी खिळे उपसायला गेले. त्यांची बोटं सोलली. मी हलले नाही. मित्रांनो, त्या क्षणी मला हलायचं होतं. मला एवढं कधीच काही हवं नव्हतं. पलीकडून पोरांचे हात माझ्यावर आपटत होते आणि मला चार वर्षांपूर्वीची मेंढरं आठवत होती. तीच धडधड, तोच श्वास.

धुरपताबाई, रूपसिंगची बायको, बरडावरून जळण घेऊन येत होती. नवरा जेलात गेला त्या दिवशी तिनं सांगितलं होतं, की या शाळेचा उंबरा मी ओलांडणार नाही. पुजाला ती लांब लिंबापाशी सोडायची आणि तिथूनच न्यायची. धूर पाहून तिनं मोळी टाकली आणि कुऱ्हाड हातात तशीच घेऊन धावत आली. पुजा बाहेर सुखरूप दिसली तेव्हा तिनं तिला पोटाशी धरलं आणि ती जागच्या जागी थांबली. तिचं लेकरू वाचलं होतं. आत होती ती तिच्या नवऱ्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांची लेकरं. गुरुजी दारातून ओरडले, वाडीची पोरं अडकलीत, भिंत निघत नाही.

‘‘मला काहून सांगता?’’ ती म्हणाली. ‘‘भिंत त्यायनंच ठोकली ना?’’

ती असं म्हणाली खरी, पण तिचे पाय माघारी फिरले नाहीत. पुजानं तिच्या लुगड्याला हिसका दिला.

‘‘याडी,’’ पुजा आईला म्हणाली, ‘‘रागी आत हाय.’’

याडीला रागी कोण ते माहीत नव्हतं. तिनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं आणि उंबरा ओलांडला. धुरानं काही दिसत नव्हतं. माझ्या भोकातून एक लहान हात बाहेर आलेला तेवढा दिसत होता, बोटं उघडमीट करणारा. मग त्या हाताच्या जागी एक आवाज आला.

‘‘कोन हाय? मी पंचफुला. माझं राहू दे, लेकरं घे.’’

‘‘धुरपता हाय,’’ ही म्हणाली. ‘‘लेकरं मागं घे. लय मागं घे.’’

आणि तिनं माझ्यावर कुऱ्हाड घातली. मित्रांनो, चार वर्षांपूर्वी रामकिशनची कुऱ्हाड जिथं बसली होती तिथंच तिची बसली. घाव तोच, दुखणं तेच. पण या वेळी मी मनात म्हणत होते, मार माय, अजून मार. माझी तिसरी झडप फुटली, मग चौथी. फळ्यांचे तुकडे तिच्या गालावर उडाले, रक्त आलं, तिनं ते पुसलंही नाही. वरून पेटती चटई पडली, माझी दुसरी झडप भाजली आणि तिच्या खांद्याला चाटून गेली. भोक पोर निघेल एवढं झाल्यावर गुरुजींनी एकेकाला ओढायला सुरुवात केली. रागिणी निघाली, तिच्यामागं बाकीची निघाली, आणि सगळ्यांत शेवटी पंचफुलाबाई अडकली. तिचा डावा हात जळत होता. धुरपताबाईनं तो आपल्या लुगड्यात गुंडाळला आणि तिला कमरेला धरून माझ्यातून बाहेर खेचलं.

दोघी लिंबाखाली पडून खोकत होत्या. रामकिशन रानातून धावत आला. त्यानं आधी रागिणीला चाचपलं, मग बायकोचा हात पाहिला, मग धुरपताबाईच्या हातातली कुऱ्हाड पाहिली. आग विझल्यावर तो आत आला आणि माझ्या फुटक्या झडपांपुढं उभा राहिला. त्याच्या कुऱ्हाडीनं मेंढरं वाचली नव्हती. मग तो वाडीत गेला, पकड घेऊन आला आणि त्यानं ठोकलेले खिळे उपसायला बसला. गंजलेला खिळा निघताना किंचाळतो. ते किंचाळणं संध्याकाळपर्यंत अख्ख्या बरडावर ऐकू येत होतं.

शाळा दुरुस्त झाली. जळबा सुतार आता म्हातारा झाला होता, त्यानं माझ्या दोन झडपा काढून टाकल्या आणि उरलेल्या चार जोडल्या. त्यामुळं मी आता पूर्ण लागतच नाही, लावली तरी माणूस जाईल एवढी फट राहते. गुरुजींनी ती फट मुद्दाम राहू दिली. लिंबाकडच्या भिंतीत, नकाशात होतं तिथं, मोठं दार पाडलं. स्वयंपाकघराचं कुलूप काढलं. पंचफुलाबाईच्या डाव्या हातात आता बांगडी चढत नाही, ती उजव्या हातानं खिचडी ढवळते आणि धुरपताबाई तिला जळण फोडून देते. त्यांच्यात फार बोलणं होत नाही. मिठावरून मात्र रोज भांडण होतं.

दोन हजार सात साली रूपसिंग सुटून आला. त्या दिवशी शाळेत दोन्हीकडच्या पालकांची बैठक होती. मी दुमडलेली होते, दालन सगळं उघडं होतं. तो मोठ्या दारात येऊन उभा राहिला. केस पिकले होते, पाठ वाकली होती. पूर्वी आत आलं की तांड्याचा माणूस तांड्याच्या अंगाला जाऊन बसायचा. आता तसं अंगच राहिलं नव्हतं. तो नुसता इकडंतिकडं बघत राहिला. धुरपताबाई उठायला लागली, पण त्याआधी रामकिशन बोलला.

‘‘काहून उभा राहिला? कुठं बी बस. आता बाजू न्हाई राहिली.’’

रूपसिंग एक पाऊल पुढं आला.

‘‘फक्त माझ्यासमोर बसू नको,’’ रामकिशन म्हणाला.

रूपसिंग कोपऱ्यात आला आणि माझ्या पायाशी बसला. शिवहार पडला होता ती हीच जागा, हे त्याला माहीत होतं. बैठक चालू राहिली. सगळे गेल्यावर तो उठला, कोनाड्यातली बाटली त्यानं काढली, जाळं पुसलं आणि हुंगून पाहिलं. तेल केव्हाच आटून चिकट झालं होतं. दुसऱ्या दिवशी तो नवं एरंडेल घेऊन आला. पालथा पडून त्यानं माझ्या चाकांतले खडे काढले, खडूचा चुरा काढला आणि तेल घातलं. रामकिशन दारातून ते बघत होता. त्यानं मान फिरवली, पण बाटली हिसकावून घेतली नाही. आजही तेल रूपसिंगच घालतो, आणि रामकिशन समोर असला तर तो येत नाही.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला रंग द्या न द्या, माझ्यापुढं फोटो काढा न काढा, मला त्याचं काही नाही. पण रोज शाळा सुटताना मला एकदा ओढून बघा. सहज सरकले तर खुशाल घरी जा. कुठं अडकले, कुरकुरले, तर उद्यावर टाकू नका. आजच खाली वाका आणि खडा कुठं अडकलाय ते बघा.